दशांश

आई गायला उभी राहिली की
पाळक टॉलिव्हर मनगटावरचं घड्याळ सोडून
बायबलखाली सरकवायचे.
आर्कान्सॉतलं ते लाकडी देऊळ,
हातोहाती हलणारे पुठ्ठ्याचे पंखे,
पंख्यांवर शवपेट्या विकणाऱ्याची जाहिरात,
आणि ती डोळे मिटून पहिला सूर उचलायची
विहिरीतून भरला पोहरा ओढावा तसा,
थेंबही न हिंदकळता.

सोमवारी तेच हात इस्पितळाच्या धुलाईघरात.
रक्ताच्या चादरी आधी थंड पाण्यात.
गरम पाण्याची घाई केलीस की डाग बसलाच, म्हणायची,
माणसाशी बोलतानाही हेच लक्षात ठेव.

मी तेरा वर्षांचा, तिचा ड्रायव्हर.
बुडाखाली दोन उशा घेऊन
ग्रीनव्हिल, मेम्फिस, एकदा पार सेंट लुईस.
मागच्या सीटवर बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी,
कारण वाटेतल्या खाणावळी आमच्यासाठी नव्हत्या.
पेट्रोल मिळे. पेट्रोलपंपाचा संडास नाही.
एका पहाटे ती कापसाच्या सरीत आडोशाला जाऊन आली,
झग्याला चिकटलेली बोंडं वेचत म्हणाली,
"मरीयेलाही उतारशाळेत जागा नव्हती.
पण तिनं त्या मालकाला माफ केलं का,
हे कुणी लिहून ठेवलेलं नाही."
तू केलंस?
"रस्त्याकडे बघ, लेमुएल."

त्या रात्री ती अशी गायली
की पहिल्या बाकावरचा म्हातारा गवंडी
काठी टाकून उभा राहिला, आणि काठी विसरूनच घरी गेला.
लोक त्याला चमत्कार म्हणाले.
आईनं दुसऱ्या दिवशी काठी नेऊन दिली.
"लागेल त्याला," एवढंच.

माझा विश्वास बेताचा. मी बस चालवली,
पस्तीस वर्षं, रविवारच्या पाळ्या मागून घेत.
तिला ते कळत होतं.
जेवणाआधीची प्रार्थना ती दोघांच्या वतीनं करायची,
माझ्या वाटणीची थोडी घाईत.

एक्क्याऐंशीव्या वर्षी तिला माझ्याकडे आणताना
पेटीत, गायकवृंदाच्या झग्याच्या घडीत,
तबकडी सापडली. वर नाव भलतंच: ज्युवेल रेन.
सुई टेकवली.
पियानो, हलका ढोल,
आणि तोच पोहरा, तसाच काठोकाठ,
फक्त पाणी दुसऱ्या विहिरीचं.
रात्र सरली राजा, दार मी लावलं नाही.

ती खाटेवरून ऐकत होती.
गळ्यात आता नुसती खरखर, चाळणीतून वाळू पडावी तशी.
"तुझं ॲपेंडिक्स फुटलं त्या वर्षी," ती म्हणाली,
"इस्पितळ रोख मागत होतं.
मी त्यांच्याच चादरी धूत होते, तरी रोख.
चाळीस डॉलर मिळाले.
चार रविवारी रुमालात बांधून थाळीत टाकले."

पाळकांना कळलं असतं तर?
"मंडळीतून नाव काढलं असतं."
आणि देवाला?
"त्याला मी गाण्याआधीच सांगितलं होतं,
स्टुडिओच्या संडासात, गुडघ्यांवर. तिथं आत जाऊ देत होते.
उत्तर आलं नाही.
बराच वेळ थांबले. बाहेर वादक हाका मारत होते.
मग तेच हो समजले."

शर्टाखाली माझ्या पोटावरचा व्रण
उगाचच खाजला.
अर्धं आयुष्य मी तिला एकसंध समजत होतो,
देवळाच्या पायरीच्या दगडासारखी.

"पुन्हा लाव."
तिनं गोधडीवर बोटानं ताल धरला,
दुसऱ्या कडव्याशी बोट अडलं.
"इथं श्वास चोरलाय मी.
ऐकलंस? ऐक.
रविवारी असं कधी केलं नसतं."
आणि सुई उचलायला वाकलो तर म्हणाली,
"राहू दे. पुढची ओळ बरी आहे."